कप चहा पितो का?

आपण कपातून चहा पितो हे सर्वांना ठाऊक आहे. पण कप स्वतः त्यातला थोडा चहा पितो का? मी शाळेत शिकवत असताना नववीतल्या एका मुलाने हा प्रश्न विचारला, तेव्हा सारा वर्ग हसला होता. मी हसलो नाही. त्या मुलाने तो प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नव्हता, आणि का विचारला हे मला माहीत होते. ती हकिकत पुढे येईल. आधी कपांची ओळख करून घेऊ.

सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हे आमचे गाव. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही. आमच्या थोरल्या वहिनींना कपबश्या जमवण्याचा नाद आहे. स्वयंपाकघरातल्या लाकडी मांडणीवर त्यांचे पन्नासएक कप ओळीने लावलेले असतात. काही आहेरात आलेल्या सेटांतले, काही सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत घासाघीस करून घेतलेले, काही फुटलेल्या सेटांतले एकटे उरलेले. किंमत म्हणाल तर फारशी नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ही मांडणी म्हणजे एक छोटी प्रयोगशाळाच वाटते. तुमच्याही घरी चारदोन जुने कप असतीलच. ते घेऊन बसा, म्हणजे पुढचे वाचताना पडताळा घेता येईल.

कप उलटा करून पाहा

पहिली गोष्ट, कप उलटा करा. तळाशी जी गोल कड असते, जिच्यावर कप उभा राहतो, तिच्यावरून बोट फिरवा. बाकीचा कप गुळगुळीत, पण ही कड खरखरीत लागेल. असे का? कपावर जो चकचकीत थर असतो त्याला झिलई म्हणतात. झिलई म्हणजे एक प्रकारची काचच. भट्टीत ती वितळते आणि कपाच्या अंगावर पसरते. तळाच्या कडेलाही ती लावली, तर कप भट्टीतल्या फळीला चिकटून बसेल. म्हणून कारागीर तेवढी कड पुसून घेतो. कपाची उघडी माती दिसण्याची ही एकच जागा. कप काही पीत असेल तर इथूनच पिणार.

आता शाईचा एक थेंब या कडेवर टाका, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. काही कपांवरची शाई पुसून जाते, जेमतेम छटा उरते. काहींवर डाग कायमचा बसतो. पहिला कप अस्सल चिनी मातीचा, म्हणजे पोर्सेलिनचा किंवा त्याच्या जवळपासचा. दुसरा कमी भाजलेल्या, सच्छिद्र मातीचा. वरून दोन्ही सारखेच पांढरेशुभ्र दिसतात आणि दुकानदार दोहोंनाही ‘चिनी मातीचा’ म्हणूनच विकतो!

हाच फरक आकड्यात काढता येतो. फुटलेल्या माठाची एक खापरी आणि फुटलेल्या कपाचा एक तुकडा घ्या. दोन्ही उन्हात चांगले वाळवून शाळेच्या तराजूवर तोला. मग एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, वरवरचे पाणी टिपून पुन्हा तोला. शंभर ग्रॅम खापरीत दहा ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पाणी मुरलेले आढळते. उत्तम भाजलेल्या पोर्सेलिनच्या शंभर ग्रॅम तुकड्यात अर्धा ग्रॅमदेखील मुरत नाही. माठातले पाणी गार का होते, हे आता निराळे सांगायला नको. माठ पाणी पितो, बाहेर पाझरवतो, आणि ते उडून जाताना उष्णता घेऊन जाते. हल्ली कुल्हडात चहा देणारी दुकाने जागोजागी निघाली आहेत. ते कुल्हड बिनझिलईचे असते, म्हणून ते मात्र खरोखरच थोडा चहा पिते.

काळ्या मातीचा पांढरा कप का होत नाही?

आमच्या शिवारात काळी माती हवी तेवढी. मग वळसंगला कप का बनत नाहीत? पावसाळा सरला की या मातीला भेगा पडतात, उन्हाळ्यात तर पाय जाईल एवढ्या. या मातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते. पाणी शिरले की माती फुगते, निघून गेले की आकसते. असल्या नुसत्या मातीचा कप वाळता वाळताच तडकेल. शिवाय तिच्यात लोह असते, त्यामुळे भाजल्यावर ती तांबूस किंवा तपकिरी होते. विटा आणि कौले लाल होतात ती याच लोहाच्या ऑक्साइडमुळे.

पांढऱ्या कपासाठी केओलिन नावाची माती लागते. चीनमधल्या जिंगदेझेन या कुंभारकामाच्या शहराजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून हे नाव पडले. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती सापडते. या मातीत फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड मिसळतात आणि सुमारे १,३०० ते १,४०० अंश सेल्सियस तापमानाला भाजतात. फेल्डस्पार वितळून त्याची काच होते आणि ती मातीच्या कणांमधल्या सगळ्या फटी बुजवते. कपाला प्यायला जागाच उरत नाही, ती अशी.

चिनी लोकांना ही युक्ती हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक होती. युरोपला ती उलगडली १७०८ च्या सुमारास, जर्मनीतल्या सॅक्सनीत. तिथल्या राजाने ब्योटगर नावाच्या एका तरुणाला सोने करून दाखव म्हणून कोंडून ठेवले होते. त्याला सोने काही साधले नाही. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या बरोबरीने काम करून त्याने पोर्सेलिन साधले, आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पोड घराण्याने जनावरांच्या हाडांची राख मिसळून निराळी माती तयार केली. तीच बोन चायना. ‘बोन’ हे नुसते नाव असेल अशी वहिनींची समजूत होती. खरे ते कळल्यावर त्यांनी दोन कप मांडणीच्या अगदी वरच्या फळीवर नेऊन ठेवले. फेकले मात्र नाहीत! त्या राखेत प्राण्याचे मांस, मज्जा काही उरत नाही. उरते ते कॅल्शियम फॉस्फेट. तरी ज्याला नको त्याला नको. ओळखायची रीत सोपी आहे. अंधारात कपाच्या आत विजेरी धरा आणि बाहेरून पाहा. मधे बोट धरले तर त्याची सावली स्पष्ट दिसते. पातळ पोर्सेलिनमधूनही उजेड येतो, पण बोन चायनाचा उजेड दुधाळ आणि उबदार असतो.

कपाचा कान

चीनमधल्या जुन्या चहाच्या वाट्यांना कान नव्हते. सतराव्या शतकात चहा युरोपला गेला तेव्हा वाट्याही तशाच गेल्या. कान पुढे तिकडे रूढ झाला, कारण तिकडे चहा अधिक कडक, अधिक गरम आणि मोठ्या कपातून पिण्याची चाल पडली. कान गार राहतो याचे कारण दुहेरी आहे. चिनी माती उष्णतेची मंद वाहक आहे. स्टेनलेस स्टील तिच्या सुमारे दहापट उष्णता वाहते. आणि कान बारीक असून चोहोबाजूंनी हवेत असतो, त्यामुळे जी थोडी उष्णता येते तीही निघून जाते.

हा कान एक मौज करतो. रिकामा कप टेबलावर ठेवा. कान घड्याळातल्या तीनच्या जागी आहे असे समजा. आता चमच्याने कपाच्या काठावर बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी हलकेच ठोका. सगळीकडे एकच स्वर येईल. मग दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहाच्या जागी ठोका. स्वर किंचित चढा येईल! ठोकल्यावर कपाचा काठ गोल राहत नाही, आळीपाळीने दोन दिशांनी लांबट होतो. त्या वेळी काठावरच्या चार जागा सर्वांत जास्त हलतात आणि त्यांच्या मधल्या चार जागा जवळजवळ स्थिर असतात. जिथे ठोकाल ती हलणारी जागा. कान हलणाऱ्या जागी आला की त्याचे वजनही कपाला हलवावे लागते, कंपने मंद होतात आणि स्वर उतरतो. कान स्थिर जागी आला की त्याचा भार पडत नाही. हा प्रयोग पाहून आमच्या वर्गातल्या एका मुलीने बिनकानाच्या पेल्यावर ठोकून पाहिले. तिथे सगळीकडे एकच स्वर आला. हा तिने न सांगता केलेला प्रयोग माझ्या प्रयोगापेक्षा चांगला होता.

जाता जाता, गरम पाण्यात कॉफीची पूड टाकून ढवळा आणि लगेच कपाच्या तळावर ठोकत राहा. आवाज आधी खालचा, मग चढत चढत जातो. पाण्यात बुडबुडे असताना ध्वनीचा वेग घटतो, ते निघून गेले की वाढतो. फ्रँक क्रॉफर्ड या अमेरिकन भौतिकीतज्ज्ञाने १९८२ मध्ये यावर एक निबंधच लिहिला.

आवाजावरून कपाची प्रकृतीही कळते. निर्दोष कप खणखणीत वाजतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तरी बद्द आवाज येतो. वहिनी यात्रेत कप घेताना नखाने टिचकी मारून पाहतात. विज्ञान त्यांना कोणी शिकवले नव्हते.

बशी कशासाठी?

आपल्याकडे चहा बशीत ओतून फुंकर घालत पिणारे पुष्कळ. शहरी पाहुण्यांना ते गावंढळ वाटते, पण त्यामागचा हिशोब पाहा. कपाचे तोंड ७ सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर चहाचा पृष्ठभाग सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. बशीत चहा १२ सेंटिमीटर व्यासापर्यंत पसरला, तर तो सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर होतो. म्हणजे बाष्पीभवनाला तिप्पट जागा. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५५० कॅलरी उष्णता नेते. तेव्हा १०० ग्रॅम चहातला एकच ग्रॅम उडून गेला, तरी उरलेला चहा साडेपाच अंशांनी निवतो. फुंकर घातली की पृष्ठभागावरची दमट हवा हटते आणि काम आणखी झपाट्याने होते. कर्नाटकात कॉफी स्टीलच्या टमलरातून खालच्या रुंद वाटीत आणि परत टमलरात उंचावरून ओततात, त्यात हेच तत्त्व आहे. शाळेतला तापमापक घ्या, कपातला आणि बशीतला चहा दर मिनिटाला मोजा आणि आलेख काढा.

मांडणी लावताना

जमवलेले कप एकात एक रचू नका. वरच्या कपाची खरखरीत कड खालच्या कपाच्या झिलईवर ओरखडे काढते आणि त्या ओरखड्यांत चहाचा तपकिरी रंग बसतो. विहिरीचे पाणी कठीण असेल तर चहावर तवंग येतो आणि कपाच्या काठाशी वर्तुळे उमटतात. पाण्यातले कॅल्शियम आणि चहातली द्रव्ये यांचा तो खेळ आहे. चहात लिंबाचे दोन थेंब टाका, तवंग नाहीसा होईल. कपावरचे डाग खाण्याच्या सोड्याने निघतात. मांडणीच्या फळीला पुढून एक अरुंद पट्टी ठोका. आमच्या मांडणीला ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर लागली. किल्लारीच्या भूकंपाने आमच्याकडेही भांडी वाजली आणि वहिनींचे सात कप गेले.

काही जुन्या कपांच्या झिलईत केसासारख्या बारीक चिरांचे जाळे दिसते. थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली की असे होते. माती सच्छिद्र असेल, तर असा कप त्या चिरांतून चहा पितो आणि हळूहळू पिवळा पडतो. तो शोभेला ठेवावा, वापरू नये. तसेच झिलईच्या वर काढलेली भडक लाल, केशरी, पिवळी नक्षी जुन्या कपांवर असेल, तर त्यांतून आंबट पेय पिऊ नये. जुन्या रंगांत शिसे आणि कॅडमियम असू शकते आणि आम्लात ते विरघळते. हे घरी कळत नाही. प्रयोगशाळेत कप ४ टक्के ॲसेटिक आम्लाने भरून २४ तास ठेवतात आणि मग त्या आम्लात शिसे किती उतरले ते मोजतात.

बाहेरचा कप

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

माझ्या लहानपणी आमच्या ओट्याच्या बाहेरच्या कोनाड्यात एक कप पालथा ठेवलेला असे. त्याचा कान तुटलेला होता. शेतावर कामाला येणाऱ्या दलित माणसासाठी तो होता. त्याने तो घ्यायचा, चहा वरून ओतला जायचा, पिऊन झाल्यावर त्यानेच विसळून पालथा ठेवायचा. घरातले कोणी त्या कपाला हात लावत नसे. मीही लावला नाही. असे कप तेव्हा कित्येक घरांत आणि चहाच्या हॉटेलांतही होते. प्रश्न विचारणारा मुलगा त्या माणसाचा नातू होता. आजोबांनी त्याला कपाची गोष्ट सांगितली होती. त्याला जाणून घ्यायचे होते की कपात असे काय मुरते, की तो घरात चालत नाही.

मातीचे भांडे विटाळले तर टाकावे आणि धातूचे घासून शुद्ध करावे, असा जुना दंडक होता. माती शोषून घेते हे निरीक्षण त्यामागे असेलही, आणि ते चूक नाही, हे खापरीच्या प्रयोगात आपण पाहिले. पण खापरीत मुरते ते पाणी. भांडे कोणी धरले होते यावर त्याचे वजन बदलत नाही. उष्ट्यातून जंतू पसरू शकतात हे खरे. पण ते कोणाच्याही उष्ट्यातून पसरतात आणि साबणाने व गरम पाण्याने जातात.

कपाने आपल्याकडे मोठमोठ्यांनाही अडचणीत आणले आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी घेतला नाही. पाहुण्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचे वाद १८९२ पर्यंत चालले. पण ती बडी माणसे होती, प्रायश्चित्त घेऊन त्यांना घरातल्या कपाकडे परतता येत होते. ओट्याबाहेरच्या कपाला ती सोय नव्हती.

आमच्या गावाने याचे उत्तर पाण्यापुरते पूर्वीच पाहिले होते. दलित वस्तीने खोदलेल्या विहिरीचे पाणी १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वळसंगला येऊन स्वतः शेंदले. पुढे १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा आला. १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. हॉटेलात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली भांडी अस्पृश्यता पाळून कोणाला नाकारणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे. घराच्या कोनाड्यापर्यंत मात्र तो कायदा पोचत नव्हता.

प्रश्न विचारला गेला त्या आठवड्यात मी चार मुलांना घरी घेऊन आलो. तो कप अडगळीत होता, वहिनींनी शोधून दिला. त्याच्या तळावर जी निळी खूण होती, तीच मांडणीवरच्या पाच कपांच्या तळांवर होती. एकाच सेटाचे सहा कप. कान तुटला म्हणून एक बाहेर गेला होता.

तुटलेल्या कानाच्या जागी माती उघडी होती, म्हणजे तपासायला ही जागा तळाच्या कडेहूनही चांगली. त्या मुलाने तिथे शाईचा थेंब टाकला. आतल्या एका कपाच्या तळावर दुसरा थेंब. पाच मिनिटे थांबून दोन्ही पुसले. दोन्हीकडे अगदी पुसट छटा राहिली. मग दोन्ही कप तोलले, दुसऱ्या दिवसापर्यंत बादलीत बुडवून ठेवले आणि मुले पुन्हा आली तेव्हा परत तोलले. आमच्या तराजूला दोहोंतही फरक कळला नाही. मुलाने वहीत दोन रकाने करून आकडे लिहिले. वहिनी उभ्या राहून पाहत होत्या. “म्हणजे हा चांगल्या मातीचा होता की, भाऊजी,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि आधण ठेवायला आत गेल्या.

मुले चार, वहिनी आणि मी. सहा कप लागले. चांगले पाच मुलांना आणि वहिनींना देऊन कानतुटका मी घेतला. चहा उकळता होता. कप धरवेना म्हणून मी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, शेवटी पंच्यात गुंडाळून धरला. बिनकानाचा कप हाताला किती भाजतो, हे मला त्या दिवशी कळले.